शेवयांची इटालियन बहीण
(बी. कॉम. भाग दोनची एक विद्यार्थिनी)

मे महिन्यात आमच्या गच्चीवर पाय ठेवायला जागा नसते. दोन खुर्च्यांवर आडव्या काठ्या टाकलेल्या असतात आणि त्या काठ्यांवर शेवया वाळत असतात. आई आणि शेजारच्या दोन काकू मिळून दर उन्हाळ्यात शेवया करतात. घरापुरत्या ठेवून उरलेल्या गल्लीत आणि बाजारातल्या एका दुकानात देतात. यंत्राचा दांडा फिरवण्याचे काम माझ्याकडे, काठ्या उचलण्याचे धाकट्या भावाकडे आणि चुका काढण्याचे आजीकडे.

गेल्या सुट्टीत पुण्याहून चुलतभाऊ आला. येताना त्याने इटालियन स्पॅगेटीचे एक पाकीट आणले. आजीने त्यातली एक काडी घेतली, उजेडात धरून पाहिली, मोडली, दाताखाली धरली आणि म्हणाली, "ह्यो तर बन्सीचा रवा हाय की गं! आणि आपल्यासारखंच काठीवर वाळवलेलं दिसतंय."

पाकिटावर बारीक अक्षरात छापले होते : घटक – ड्युरम गव्हाचा रवा. आणि बन्सी म्हणजेच ड्युरम! आम्ही सगळे आजीकडे पाहत राहिलो. मग आजीने किंमत विचारली. त्या अर्ध्या किलोच्या पाकिटाची किंमत आईच्या एक किलो शेवयांपेक्षा जास्त होती. आजी क्षणभर थांबली आणि म्हणाली, "मग आमच्या शेवयांनी काय पाप केलंय?"

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीला हा प्रश्न गप्प बसू देणार नाही. वस्तूचे मूल्य कशाने ठरते हे आपण वर्गात शिकतो; पण एकाच जातीच्या गव्हाच्या दोन दोऱ्यांपैकी एक जगभर नावाने विकली जाते आणि दुसरी वजनावर, असे का? म्हणून सुट्टीत पुस्तके काढून बसले. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवत आहे.

पास्ता म्हणजे काय?

इटालियन भाषेत 'पास्ता' या शब्दाचा मूळ अर्थ मळलेला गोळा एवढाच. पुढे त्या गोळ्यापासून केलेल्या, पाण्यात शिजवून खाण्याच्या सर्व प्रकारांना हे नाव पडले. त्याची दोन मोठी घराणी आहेत. एक सुक्या पास्त्याचे. ते प्रामुख्याने दक्षिण इटलीचे. ड्युरम गव्हाचा रवा आणि पाणी, बस्स, तिसरा पदार्थ नाही. दुसरे ताज्या पास्त्याचे. त्याचा गड उत्तरेकडील एमिलिया प्रांत, म्हणजे बोलोन्या, मोदेना ही शहरे. तेथे साधा मऊ गहू पिकतो, म्हणून त्याच्या पिठात अंडी घालून लाटतात.

ड्युरम या लॅटिन शब्दाचा अर्थ कठीण. हा दाणा इतका टणक असतो की जात्यात त्याचे पीठ होण्याआधी रवा होतो. रंगाने तो पिवळसर, प्रथिनांनी भरलेला. त्याची कणीक ताणली तर रबरासारखी परत येत नाही, पण दिलेला आकार सोडत नाही. म्हणून ती भाकरीसारख्या फुगणाऱ्या पावाला फारशी उपयोगाची नाही, पण वाळवून ठेवण्याला आणि उकळत्या पाण्यात न विरघळण्याला अगदी योग्य. उकळत्या पाण्यात शेवयांचा लगदा झाला की आजी "गहू खोटा" असे म्हणते, त्याचे शास्त्रीय कारण हेच.

येथे एक गोष्ट आपल्या भागातील वाचकांना आवर्जून सांगण्यासारखी आहे. आपल्या नेहमीच्या चपातीच्या गव्हात ४२ गुणसूत्रे असतात; ड्युरममध्ये २८. बेळगाव, विजापूर, सांगली, सातारा या पट्ट्यात पिकणारा खपली गहू, ज्याला आमच्या कानडी मैत्रिणी 'जवे गोधी' म्हणतात, तोही २८ गुणसूत्रांचाच. एवढेच नव्हे, तर ड्युरम हा खपलीच्याच वंशातून हजारो वर्षांपूर्वी निघाला. इटलीतही खपली पिकतो. तेथे त्याला 'फार्रो' म्हणतात आणि प्राचीन रोमनांचे ते रोजचे अन्न होते. नाते लावायचेच झाले तर स्पॅगेटी ही खपलीच्या शेवईची धाकटी बहीण लागते.

मार्को पोलोची दंतकथा

पास्ता चीनमधून मार्को पोलोने इटलीत आणला, असे अनेक ठिकाणी छापलेले आढळते. गोष्ट रंजक आहे, परंतु खरी नाही. मार्को पोलो व्हेनिसला परतला तो १२९५ साली. त्याआधी सोळा वर्षे, म्हणजे १२७९ मध्ये, जिनोव्हा शहरातील उगोलिनो स्कार्पा नावाच्या नोटरीने पोन्त्सिओ बास्तोने नामक सैनिकाच्या मालमत्तेची यादी केली. तीत इतर चीजवस्तूंबरोबर मॅकरोनीने भरलेल्या एका पेटीची नोंद आहे. यादी करणाऱ्या माणसाला पेटीभर मॅकरोनी नोंदवण्याच्या लायकीची वाटली, याचाच अर्थ ती टिकणारी आणि किंमत असलेली वस्तू होती.

त्याच्याही मागे जाता येते. सिसिली बेटावर नॉर्मन राजा दुसरा रॉजर राज्य करीत असताना त्याच्या दरबारी अल् इद्रिसी हा अरब भूगोलवेत्ता होता. ११५४ साली पूर्ण झालेल्या आपल्या ग्रंथात तो लिहितो की पालेर्मोजवळील त्राबिया या गावी भरपूर पाणी आहे, पाणचक्क्या आहेत, आणि तेथे 'इत्रिया' नावाचा पदार्थ मोठ्या प्रमाणावर बनवून जहाजांनी कालाब्रियात आणि मुसलमान व ख्रिस्ती अशा दोन्ही मुलखांत पाठवला जातो. इत्रिया म्हणजे गव्हाच्या वाळवलेल्या दोऱ्या. अर्थात सुक्या पास्त्याचा इटलीतील पहिला स्पष्ट उल्लेखच मुळी निर्यातीचा आहे! सिसिलीवर त्याआधी सुमारे दोन शतके अरबांची सत्ता होती. कठीण गहू आणि वाळवणाची कला यांचा प्रसार तेथे त्यांच्या काळात झाला.

मग चीनचे काय? चीनमध्ये दोऱ्यांचे अन्न फार जुने आहे, यात शंका नाही. लाजिया येथील उत्खननात सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या दोऱ्या एका पालथ्या वाडग्याखाली सापडल्याचे २००५ साली प्रसिद्ध झाले. त्या गव्हाच्या नव्हे, बाजरीसारख्या भरडधान्याच्या होत्या. दोन देशांत दोन वाटांनी माणसाला एकच युक्ती सुचली, असे मानणे अधिक योग्य. मार्को पोलोच्या गोष्टीला मात्र खरे बळ मिळाले ते विसाव्या शतकात अमेरिकेत. तेथील मॅकरोनी उत्पादकांच्या 'मॅकरोनी जर्नल' या मासिकात १९२९ साली तशी एक कथा छापून आली आणि ती जगभर पसरली. जाहिरातीची ताकद किती असते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

पाला खाणारे ते मॅकरोनी खाणारे

मध्ययुगात पास्ता हे गरिबाचे अन्न नव्हते. बोकाच्चिओच्या चौदाव्या शतकातील 'डेकॅमेरॉन'मध्ये एका स्वप्ननगरीचे वर्णन आहे. तेथे किसलेल्या पार्मेसान चीजचा डोंगर असून त्यावर बसलेली माणसे दिवसभर मॅकरोनी शिजवून खाली लोटत असतात. ज्या अन्नाची स्वप्ने पडतात ते रोज ताटात नसते, हे उघड आहे. पंधराव्या शतकातील प्रसिद्ध आचारी मार्तिनो याने सिसिलियन मॅकरोनीची कृती दिली आहे. लोखंडी तारेभोवती कणीक वळायची, तार काढून घ्यायची, पोकळ नळ्या उन्हात वाळवायच्या आणि खाताना दोन तास शिजवायच्या! आजचा इटालियन माणूस दोन तास हे वाचून कपाळाला हात लावील.

सोळाव्या शतकात पास्ता करणाऱ्यांचे संघ उभे राहिले : जिनोव्हात १५७४ मध्ये, सावोनात १५७७ मध्ये. आपल्याकडील श्रेणींप्रमाणेच या संघांचे नियम होते.

सतराव्या शतकात नेपल्समध्ये मोठा बदल झाला. तोपर्यंत नेपल्सच्या लोकांना शेजारी 'मांजाफोल्ये' म्हणजे पाला खाणारे म्हणून हिणवत, कारण कोबी आणि थोडे मांस हे त्यांचे जेवण. पुढे शहराची वस्ती बेसुमार वाढली, मांस महाग झाले, आणि नेमक्या त्याच सुमारास मळण्याचे यंत्र आणि दाबयंत्र यांचा वापर वाढला. दाबयंत्र म्हणजे आपल्या सोऱ्याचा थोरला भाऊ : भक्कम लाकडी चौकट, वर स्क्रू, खाली छिद्रांची काशाची चकती. उत्पादन वाढले, खर्च उतरला आणि पूर्वी श्रीमंतांचे असलेले अन्न सर्वात स्वस्त झाले. पाला खाणारे आता 'मांजामाक्केरोनी' झाले. मागणी, पुरवठा आणि तंत्रज्ञान यांचा हा धडा कोणत्याही पाठ्यपुस्तकात शोभेल.

जर्मन कवी गटे १७८७ साली नेपल्सला आला, तेव्हा रस्तोरस्ती पाण्यात उकडून, वर किसलेले चीज घालून मॅकरोनी स्वस्तात विकली जात असल्याचे त्याने नोंदवले आहे. लोक ती हातानेच खात : मान मागे टाकून, हात उंच धरून, दोऱ्या वरून तोंडात सोडून. परदेशी प्रवासी हे दृश्य पाहायला थांबत आणि चित्रकार त्याची चित्रे काढत. चित्रे विकत घेणाऱ्यांना गंमत वाटे. खाणाऱ्याचे ते दिवसाचे एकमेव जेवणही असू शकेल, हे चित्रात दिसत नसे.

वारा विकणारे गाव

नेपल्सच्या दक्षिणेला ग्रान्यानो नावाचे गाव आहे. एका बाजूला लात्तारी डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र. डोंगरातून येणाऱ्या ओढ्यावर पाणचक्क्या होत्या. ती दरी आजही 'गिरण्यांची दरी' म्हणून ओळखली जाते. समुद्राकडून दमट वारा येतो, डोंगराकडून कोरडा. या दोन वाऱ्यांच्या पाळीवर गावाने आपला धंदा उभारला. गावातला मुख्य रस्ताच पास्त्याने भरलेला असे. वेळूच्या काठ्यांवर टांगलेल्या दोऱ्यांच्या रांगा जुन्या छायाचित्रांत दिसतात. ती छायाचित्रे मी आजीला दाखवली. "आमच्यापेक्षा काठ्या लांब आहेत," एवढाच तिचा शेरा.

वाळवण ही साधी गोष्ट नव्हे. तेथील कारागीर ती तीन टप्प्यांत करीत. प्रथम उन्हात थोडा वेळ, ज्याने वर पातळ कवच धरे. मग थंड, दमट तळघरात विसावा, ज्याने आतली ओल बाहेर येऊन सर्वत्र सारखी होई. आणि शेवटी सावलीत, वाऱ्यावर, हळूहळू पुरी वाळवण. घाई केली तर बाहेरून कडक आणि आतून ओला राही, मग तडे जात किंवा आंबे. वारा बदलला की खिडक्या उघडायच्या की मिटायच्या हे ठरवणारा माणूस कारखान्यात सर्वात मानाचा.

कणीक मात्र बराच काळ पायांनी तुडवली जाई. नेपल्सच्या राजाला हे पाहवले नाही म्हणून त्याने एका शास्त्रज्ञाकरवी काशाचा यांत्रिक माणूस बनवून घेतला, अशी गोष्ट सांगतात.

टोमॅटो उशिरा आला

आज पास्ता म्हटला की टोमॅटोचा लाल रस्सा डोळ्यांपुढे येतो. वस्तुतः ही जोडी फार जुनी नाही. टोमॅटो अमेरिका खंडातला. तो सोळाव्या शतकात युरोपात आला आणि दीर्घकाळ लोक त्याच्याकडे संशयाने पाहत होते. नेपल्समधील आंतोनिओ लातीनी याने सतराव्या शतकाच्या अखेरीस टोमॅटोच्या एका चटणीची कृती दिली, पण ती पास्त्यासाठी नव्हती. व्हर्मिचेल्लीवर टोमॅटो घालण्याची कृती इप्पोलितो काव्हाल्कान्तीच्या १८३९ च्या पुस्तकात येते. तोवर पास्ता चीजबरोबर, आणि श्रीमंताघरी चक्क साखर व दालचिनी घालूनही, खाल्ला जात असे. म्हणजे दूधगुळातल्या शेवयांना नाक मुरडण्याचा अधिकार इटलीलाही नाही! आणि आपणही फार ताठ राहू नये. ज्या मिरचीवाचून आपला घास उतरत नाही तीही त्याच अमेरिकेतून पोर्तुगीजांच्या जहाजांनी आपल्याकडे आली.

आकारांची वंशावळ

पास्त्याचे प्रकार शेकड्यांनी मोजावे लागतात. त्यातले बरेच आकार एकच. नावे मात्र गावोगाव निराळी. नावांचे अर्थ पाहिले की इटालियन माणसाची नजर कळते.

लांब प्रकार : 'स्पॅगेटी' म्हणजे बारीक सुतळ्या. 'व्हर्मिचेल्ली' म्हणजे लहान किडे (अर्थ कळल्यावर भावाने जेवण टाकले). 'लिंग्विने' म्हणजे छोट्या जिभा. 'बुकातिनी' ही मधून भोक असलेली जाड दोरी. 'ताल्यातेल्ले' हे कापणे या क्रियापदावरून आलेले नाव. अंड्याच्या पोळीच्या कापलेल्या पट्ट्या.

आखूड प्रकार : 'पेन्ने' म्हणजे बोरू किंवा लेखणी, कारण दोन्ही टोके तिरकी कापलेली. नळी चिरडू न देता तिरकी कापणाऱ्या यंत्राचे एकस्व १८६५ साली जिनोव्हाजवळच्या एका उत्पादकाने घेतले. 'रिगातोनी' म्हणजे रेघांच्या जाड नळ्या. 'फारफाल्ले' म्हणजे फुलपाखरे. 'कोंकील्ये' म्हणजे शिंपले. 'फुसिल्ली' हे चातीवरून पडलेले नाव, कारण मूळ प्रकार सळईभोवती वळलेला.

भरलेले प्रकार : 'राव्हिओली', 'तोर्तेल्लिनी' वगैरे. आपल्या करंजीची किंवा कडबूची ती उकडलेली भावंडे म्हणता येतील.

हातवळणीचे प्रकार : हा भाग मला सर्वात जवळचा वाटला. पुल्या प्रांतातील 'ओरेक्कियेत्ते' म्हणजे छोटे कान. बारी शहराच्या जुन्या गल्ल्यांत बायका दारात टेबल मांडून बसतात, कणकेच्या वळीचा तुकडा सुरीने ओढतात आणि अंगठ्यावर उलटा करतात. 'काव्हातेल्ली' बोटाने दाबून पोकळ करतात. लिगुरियातील 'त्रोफिये' तळहाताने पिळून. हे वाचताना मला आजीची वळवटे आठवली. लग्नाच्या रुखवतात ठेवायच्या गव्हल्या, नखाने दाबलेल्या नखुल्या, मालत्या, बोटव्या. आकार तेच, बोटे तीच. आणि वरणात सोडलेल्या आमच्या चकोल्या पाहून दक्षिण इटलीतली आजी तिच्या हरभरे घातलेल्या पट्ट्यांची आठवण काढील.

सर्वात अद्भुत प्रकार सार्डिनिया बेटावरचा. त्याचे नाव 'सु फिलिन्देउ', म्हणजे देवाचे धागे. रवा, पाणी आणि मीठ यांचा गोळा ओढून दुमडायचा, पुन्हा ओढायचा, असे आठ वेळा. दर वेळी धागे दुप्पट. दोनाचे चार, चाराचे आठ, शेवटी २५६. मग ते धागे लाकडी तबकावर तीन थरांत तिरपे पसरून उन्हात वाळवतात आणि लुला येथील संत फ्रान्सिसच्या यात्रेकरूंना मटणाच्या रश्श्यात वाढतात. ही कला न्युओरो गावातल्या मोजक्याच बायकांच्या हातात उरली आहे. आपल्याकडेही हाताने ओढून शेवया करणाऱ्या म्हाताऱ्या होत्या, असे आजी सांगते. होत्या, असे.

इतके आकार कशासाठी? केवळ शोभेसाठी नव्हे. पातळ, तेलकट रस्सा लांब दोरीला लपेटतो. डाळी आणि भाज्या शिंपल्यात आणि कानात अडकतात. घट्ट मांसाचा रस्सा रेघांच्या नळीत शिरतो. काशाच्या चकतीतून निघालेला पास्ता खरखरीत असतो आणि रस्सा धरतो. टेफ्लॉनच्या चकतीतून निघालेला गुळगुळीत. शिजवण्याचे प्रमाण तर पाढ्यासारखे पाठ होते : १०० ग्रॅम पास्त्याला १ लिटर पाणी आणि १० ग्रॅम मीठ. पाणी भरपूर उकळते हवे आणि दाताला किंचित लागेल इतपतच शिजवावे.

हिशोबाची बाजू

आता वाणिज्याकडे वळू. एकोणिसाव्या शतकात कारखाने निघाले : सान्सेपोल्क्रोमध्ये बुइतोनी १८२७, पार्मात बारिल्ला १८७७, आब्रुत्सोमध्ये दे चेक्को १८८६. उत्तम पास्त्याचा गहू रशियाच्या तागानरोग बंदरातून येई. पहिले महायुद्ध आणि १९१७ ची क्रांती यांनी तो व्यापार संपवला. दरम्यान नाझारेनो स्त्राम्पेल्ली या कृषिशास्त्रज्ञाने उत्तर आफ्रिकेच्या गव्हातून निवडलेले 'सेनातोरे काप्पेल्ली' हे वाण १९१५ मध्ये दिले होते. पुढे अनेक दशके इटलीची भिस्त त्यावर राहिली. १९३३ साली पार्माच्या ब्राइबान्ती बंधूंनी मळणे, दाबणे आणि आकार देणे एका दमात करणारे यंत्र काढले. वाऱ्याची जागा गरम हवेच्या खोल्यांनी घेतली आणि धंदा दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकला. ग्रान्यानोचे बरेच कारखाने बंद पडले.

याच काळात पास्त्यावर एक मजेदार हल्लाही झाला. डिसेंबर १९३० मध्ये मारिनेत्ती या फ्युचरिस्ट कवीने जाहीरनामा काढला की पास्ता माणसाला आळशी व निराश बनवतो, म्हणून तो बंद करावा! पास्ता बंद झाला नाही. तिकडे अमेरिकेत गेलेल्या लाखो गरीब इटालियनांना 'मॅकरोनी' हीच शिवी म्हणून ऐकावी लागत होती. त्यांनी तो खाणे सोडले नाही. उलट दुकाने काढली, खाणावळी काढल्या आणि हिणवणाऱ्यांच्या नातवंडांना तो खायला लावला.

तरी केवळ अभिमानाने बाजार टिकत नाही. त्याला नियम लागतो. १९६७ साली इटलीने कायदा केला की सुका पास्ता ड्युरम गव्हाचाच असला पाहिजे. स्वस्त मऊ गहू मिसळून विकणे हा गुन्हा ठरला. बाहेरच्या उत्पादकांनी याविरुद्ध दाद मागितली. १९८८ मध्ये युरोपीय न्यायालयाने निर्णय दिला की मऊ गव्हाचा परदेशी पास्ता इटलीत येण्यास मनाई करता येणार नाही. पण आपल्या देशातील उत्पादकांवरील बंधन इटलीने उठवले नाही, आणि गिऱ्हाइकानेही ड्युरम सोडला नाही. आजच्या नियमानुसार ड्युरम रव्याच्या सुक्या पास्त्यात ओल १२.५ टक्क्यांहून अधिक नसावी आणि प्रथिने १०.५ टक्क्यांहून कमी नसावीत. २०१८ पासून गहू कोणत्या देशात पिकला तेही इटलीतील पाकिटावर छापावे लागते, कारण गरजेपैकी बराच गहू कॅनडासारख्या देशांतून येतो. २०१३ साली 'ग्रान्यानोचा पास्ता' या नावाला युरोपीय संघाने भौगोलिक संरक्षण दिले. अन्यत्र बनवलेल्या पास्त्याला ते नाव लावता येत नाही. आणि बोलोन्याने तर कमालच केली. १९७२ मध्ये तेथील व्यापारी मंडळात ताल्यातेल्लेच्या रुंदीची अधिकृत नोंद करण्यात आली : शिजल्यावर ८ मिलिमीटर, म्हणजे गावच्या आसिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा १२,२७० वा भाग! हसू येते खरे. परंतु आपल्या हातच्या वस्तूला मापात आणि कागदात बसवण्याची ही निष्ठा हसण्यावारी नेण्यासारखी नाही. आज इटलीत वर्षाला तीस लाख टनांहून अधिक पास्ता तयार होतो आणि त्यातला निम्म्याहून अधिक निर्यात होतो.

आजीच्या प्रश्नाचे उत्तर

आता आजीचा प्रश्न. आमच्या शेवयांनी पाप काही केलेले नाही. गहू त्याच घराण्यातला, ऊन तेच, काठी तीच. उणीव आहे ती तीन गोष्टींची. गव्हाचे नाव आम्ही सांगत नाही. खपलीची शेवई आणि साध्या गव्हाची शेवई एकाच पोत्यातून एकाच भावाने विकली जाते. प्रतीचा लेखी नियम नाही. आणि तिसरी गोष्ट मला आईच्या वहीत सापडली.

हा लेख लिहिताना मी आईची उन्हाळ्याची वही मागून घेतली. परिव्यय लेखांकनाच्या तासाला शिकल्याप्रमाणे खर्चाचा तक्ता मांडावा म्हटले. गहू होता, दळण होते, रिक्षाभाडे होते, पिशव्यांचे पैसे होते. विक्रीतून हे वजा करून उरले तो नफा, असा आईचा हिशोब. मजुरीचा रकाना वहीत कुठेच नव्हता. पहाटे गहू ओलवण्यापासून संध्याकाळी काठ्या उतरवण्यापर्यंत तीन बायकांचे दिवस त्या वहीत शून्य किमतीला धरलेले होते. मी गल्लीतल्या रोजंदारीच्या दराने तो रकाना भरला, तेव्हा नफ्याच्या जागी तोटा आला.

आईला दाखवले. ती बराच वेळ आकड्यांकडे पाहत राहिली. "म्हणजे इतकी वर्षं आम्ही पदरचं घालून लोकांना शेवया घातल्या म्हण की," ती म्हणाली. मग हसली. मला मात्र हसू आले नाही.

यंदा आम्ही खपलीच्या शेवया वेगळ्या बांधल्या. पिशवीवर माझ्या हस्ताक्षरात मराठीत 'खपली गव्हाच्या शेवया' आणि मैत्रिणीच्या हस्ताक्षरात कानडीत 'जवे गोधी शाविगे' असे लिहिले, खाली वाळवल्याची तारीख टाकली आणि मजुरी धरून भाव लावला. दुकानदाराने आधी नकार दिला, मग दहा पिशव्या ठेवून घेतल्या. त्यातल्या सात गेल्या, तीन परत आल्या. परत आलेल्या तीन आम्हीच खाल्ल्या. सात ही संख्या मोठी नाही, हे मला कळते. पण वहीत आता मजुरीचा रकाना आहे आणि तो आईने स्वतःच्या हाताने आखला आहे.

शेवटी एक विनंती. आजीला वळवटांची अकरा नावे येतात, आईला सहा, मला हा लेख लिहिण्यापूर्वी दोन येत होती. आपल्या अंकाचे मराठी आणि कानडी असे दोन्ही विभाग वाचणाऱ्या विद्यार्थ्यांनी आपापल्या घरी विचारून अशी नावे, ती कशी वळतात ते आणि कोणत्या गव्हाची करतात ते लिहून आणावे. पुढील वर्षीच्या अंकासाठी मी ती एकत्र करीन. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना सुट्टी संपण्यापूर्वी विचारा, एवढेच सांगणे.